दोन बैल आणि एक एस

१९७८ सालची गोष्ट. मुळशी तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवत होतो. माझी बीए मराठी माध्यमातली, विषयही मराठीच. पण त्या काळी खेड्यातल्या शाळेत ज्याला बरं इंग्रजी वाचता येई त्याच्या गळ्यात तो विषय पडे, तसा माझ्या गळ्यात पडला.

सहामाहीच्या पेपरात ‘माझे घर’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मावळपट्टीतल्या एका वाडीवरून चालत येणाऱ्या मुलाने लिहिलं होतं, ‘वी हॅव टू ऑक्स.’ मी लाल पेन्सिलीने गोल केला आणि अर्धा मार्क कापला. पेपर वाटल्यावर तो उठून उभा राहिला. म्हणाला, ‘‘सर, बैल एक असला तरी बैल आणि दोन असले तरी बैलच ना?’’ मी म्हटलं, ते मराठीत. इंग्रजीत ऑक्सन. तो बसला नाही. ‘‘मग पुस्तकात शीपचं शीपच दिलंय. मेंढरांना चालतं, मग बैलांनी काय घोडं मारलंय?’’

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं, आणि उत्तर येत नसलेल्या मास्तराच्या हातात त्या काळी छडी असे. (छडीचं अनेकवचन त्याला मी हातावरच शिकवलं. हे लिहितानाही लाज वाटते.) ‘‘अपवाद आहेत, पाठ करायचे,’’ एवढं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळलो.

पुढे तीसेक वर्षं मी तो तक्ता फळ्यावर लिहीत राहिलो. मॅन-मेन, फूट-फीट, चाइल्ड-चिल्ड्रन, ऑक्स-ऑक्सन, शीप-शीप. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा इंग्रजी भाषेच्या इतिहासावरची पुस्तकं हळूहळू वाचून काढली. तिथे त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ते असं.

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अनेकवचन करायची एकच रीत नव्हती. आपल्या मराठीसारखीच नामांची वेगवेगळी घराणी होती. एका घराण्यातली पुल्लिंगी नामं शेवटी ‘अस’ घेत. दगड म्हणजे ‘स्टान’, अनेक दगड ‘स्टानस’. दुसरं मोठं घराणं ‘अन’ घेई. नावाला ‘नामा’ म्हणत (आपल्या नामाशी याचं नातं आहेच), अनेक नावं ‘नामन’. जीभ, डोळा, बैल हे सगळे या घराण्यातले. ‘ऑक्सा’चं ‘ऑक्सन’ हा तेव्हा अपवाद नव्हता, नियम होता. तिसरं घराणं नपुंसकलिंगी नामांचं. त्यातल्या पुष्कळ नामांना अनेकवचनात काहीच लागत नसे. घर, शब्द, वस्तू, मेंढरू, सगळी एकाची अनेक झाली तरी तशीच. आणि एक छोटं घराणं पोटातला स्वरच बदलून घेई. फूटचं फीट त्यातलं. पुस्तकही त्यातच होतं, ‘बोक’चं अनेकवचन ‘बेच’. ते टिकलं असतं तर आज आम्ही फळ्यावर ‘वन बुक, टू बीच’ असं काहीतरी लिहीत असतो!

मग आधी उत्तरेकडून डेन्मार्क-नॉर्वेचे लोक येऊन राहिले, नंतर १०६६ मध्ये नॉर्मन आले. वरचा वर्ग फ्रेंच बोलू लागला, इंग्रजी शेतकऱ्यांच्या आणि बायाबापड्यांच्या तोंडी राहिली. शब्दांच्या शेवटचे स्वर बोलताना पुसट होऊ लागले. ते पुसट होत गेले तशी घराणीही ओळखू येईनाशी झाली. उरले ते कानाला ठसठशीत ऐकू येणारे दोन प्रत्यय, एक ‘एस’ आणि एक ‘एन’. उत्तरेकडे एस जोरात, दक्षिणेकडे एन. शेदोनशे वर्षं दोघांची रस्सीखेच चालली होती. दक्षिणेत डोळ्यांना ‘आयन’ आणि जोड्यांना ‘शून’ म्हणणारे लोक पुष्कळ होते.

या रस्सीखेचीची एक गोष्ट विल्यम कॅक्स्टनने १४९० साली एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगून ठेवली आहे. कॅक्स्टन म्हणजे इंग्लंडात १४७६ च्या सुमारास छापखाना घालणारा पहिला माणूस. काही व्यापारी टेम्स नदीतून समुद्राकडे निघाले होते. वारा पडला म्हणून किनाऱ्याला उतरले. एकाने एका घरी जाऊन अंडी मागितली, आपल्या उत्तरेकडच्या शब्दाने, ‘एग्ज’. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! शेवटी दुसऱ्याने ‘एयरेन’ मागितली तेव्हा तिला कळलं. एकाचं अनेकवचन एसचं, दुसऱ्याचं एनचं. कॅक्स्टनची अडचण अशी, की आता छापायचं कोणतं?

एस जिंकला, हे आपण जाणतोच. नावं, जिभा, डोळे, घरं, पुस्तकं एकेक करून त्याच्याकडे गेली. बैल गेला नाही. का? शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेला शब्द सहसा बदलत नाही, एवढंच सांगता येतं. ‘चिल्ड्रन’ची तर गंमतच आहे. तिथे आधीच्या ‘र’च्या अनेकवचनावर पुन्हा एन चढवला आहे. म्हणजे ते अनेकवचनाचं अनेकवचन. ‘चाइल्ड्स’ लिहिणाऱ्या पोराला आम्ही गोल काढत होतो. खरं पाहिलं तर तो तेच करत होता जे इंग्रजांच्या दहा-पंधरा पिढ्यांनी बाकीच्या शब्दांचं केलं.

आता बैलाकडे येऊ. मराठीत बैलचं बैलच का? याचंही उत्तर आहे, आणि मराठीत बीए होऊनही मी ते कधी त्या प्रश्नाशी जोडलं नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या मराठीत अशा पुल्लिंगी नामांच्या एकवचनाला शेवटी उ असे. ग्रंथु, हातु. अनेकवचनात तो उ नसे. पुढे एकवचनातला उ गळाला आणि दोन्ही रूपं सारखी झाली. म्हणून दगड, हात, उंदीर, बैल सगळे एक काय आणि दहा काय. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तोवर हा उ केव्हाच गेला होता. म्हणजे शेवटचे स्वर गळणं हे दोन्हीकडचंच. इंग्रजांच्या एका घराण्यात मेंढरू बिनप्रत्ययाचं राहिलं, आमच्या एका घराण्यात बैल. आमच्या मेंढीची मात्र मेंढ्या होते. पोरगं मराठीच्या नियमाने अगदी बरोबर चाललं होतं.

आणखी एक. इंग्रजीतलं ‘यू’ मूळचं अनेकवचनच. एकट्याला ‘दाऊ’. मग मान म्हणून एकट्यालाही यू म्हणायला लागले आणि दाऊ मागे पडलं. आपण ‘सर आले’, ‘बाई आल्या’ म्हणतो त्याचाच तो प्रकार. ‘अवर सर आर कम’ लिहिणाऱ्यांचेही मी किती मार्क कापले असतील! आणि आमच्या या भाताच्या तालुक्यात तांदूळ अनेकवचनी, शिजला की भात एकवचनी. ‘राइस आर’ लिहिणारी पोरं घरी आई म्हणते तेच लिहीत होती. असो, तो वेगळा लेख होईल.

तो मुलगा दहावीला इंग्रजीत एकतीस मार्क मिळवून नापास झाला. पस्तीस लागत. पुन्हा बसला नाही. बाकीचे विषय सुटले होते, गणित तर चांगलंच. त्या अर्ध्या मार्काने काही झालं असतं असं नाही. पण त्या दिवसानंतर त्याने वर्गात मला दुसरा प्रश्न विचारला नाही, हे मला आठवतं.

दोन वर्षांपूर्वी पौडला एका लग्नात तो भेटला. साठीला आलेला. वाकून नमस्कार केला. जेवणाच्या पंगतीत शेजारी बसवून मी त्याला ही सगळी कथा सांगितली, घराणी, अंडी, ज्ञानेश्वरी, सगळं. म्हटलं, बाबा रे, तुझा प्रश्न बरोबर होता, मला तेव्हा उत्तर येत नव्हतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘सर, आता बैल कुठं राहिलेत? विकले. चिखलणीला पॉवर टिलर आहे.’’ थोडं थांबून म्हणाला, ‘‘त्याचं काय होतं हो?’’

‘‘पॉवर टिलर्स.’’

‘‘सरळ एस?’’

‘‘सरळ एस.’’

‘‘बरंय,’’ तो म्हणाला आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानात जिलबी वाढायला लावली.