सोरोरिटीची सभासद-निवड : नियम कशासाठी आले?

मागच्या वेळी आपण अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींना प्रवेश कसा मिळाला ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. प्रवेश तर मिळाला, पण आत गेल्यावर आपलं म्हणायचं कुणाला? सोरोरिटी, म्हणजे विद्यार्थिनींचे भगिनीसंघ, या गरजेतून उभे राहिले. नव्या मुली निवडण्याच्या त्यांच्या पद्धतीची आज बरीच टिंगल होते. एकसारखे कपडे, गाणी, घाईघाईच्या गप्पा आणि शेवटी कुणाची तरी रडारड. मग या सगळ्याला मोल आहे का?

१८६७ साली इलिनॉय राज्यातल्या मॉनमथ कॉलेजात बारा जणींनी एक संघ काढला. तोच पुढे पाय बीटा फाय झाला. १८७० मध्ये इंडियानातल्या ग्रीनकॅसलला बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी कप्पा अल्फा थीटा स्थापन केला. असं सांगतात, की मुलांच्या एका संघाने बेटीला आपला बिल्ला मिरवायला देऊ केला होता. सभासदत्व मात्र नाही. ‘सोरोरिटी’ हा शब्द १८८२चा, सिराक्यूजमधले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी सुचवलेला. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोहोचल्या त्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट.

संघ वाढले, तशी मुली मिळवण्याची झुंबड उडाली. तिला नावच पडलं ‘रश’. मुलीने कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच तिच्याकडून शब्द घ्यायचा, इथपर्यंत चढाओढ गेली. म्हणून १९०२ साली शिकागोत सात संघ एकत्र बसले. त्यातूनच आजची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स उभी राहिली. निवड कधी आणि कशी करायची, याचे नियम हळूहळू ठरत गेले.

आता गंमत बघा. हे आपल्याला कांदेपोह्यांसारखं वाटेल. पण कांदेपोह्यांत एक बाजू बघते आणि दुसरी दाखवली जाते. इथे मुलगी अनेक संघांच्या घरी जाते, फेरीगणिक नावं गळतात, आणि अखेरीस दोन्ही बाजू आपापली पसंती लिहून देतात. जुळणी तिसराच करतो. अठरा वर्षांच्या, घरापासून दूर आलेल्या मुलीला यातून विचार करायला थोडी उसंत मिळते. पहिलं मोल हे.

सुझन मोंगेल आणि अॅल्विन रॉथ या अभ्यासकांनी १९९१ मध्ये या जुळणीवर संशोधन प्रसिद्ध केलं. रॉथ यांना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांना दिसलं, की बऱ्याच मुली अखेरच्या यादीत एकच नाव लिहीत. म्हणजे नियम कितीही नेटके असोत, माणसं त्यांतून आपला डाव खेळतातच.

पण नियमांनी ‘कसं निवडायचं’ एवढंच ठरवलं, ‘कुणाला’ हे नाही. ज्यांना दार बंद होतं, त्यांनी स्वतःची घरं बांधली. १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी अल्फा कप्पा अल्फा काढला. १९०९ मध्ये बर्नार्ड कॉलेजात ज्यू विद्यार्थिनींनी अल्फा एप्सिलॉन फाय. १९१३ साली हॉवर्डमध्येच डेल्टा सिग्मा थीटा निघाला, आणि त्याच वर्षी ३ मार्चला त्या मुली वॉशिंग्टनच्या मताधिकार मोर्चात चालल्या.

अलाबामा विद्यापीठ १९६३ मध्ये कृष्णवर्णीयांना खुलं झालं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१३ साली, उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला तिथल्या परंपरेने गोऱ्या असलेल्या सोळा संघांपैकी एकानेही घेतलं नाही. विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने ही बातमी छापली. माजी सभासद बायकांचा दबाव होता, हे संघातल्याच मुलींनी सांगितलं. विद्यापीठाला निवड पुन्हा खुली करावी लागली, आणि काही कृष्णवर्णीय मुली आत आल्या.

आम्हाला दुसरं मोल इथे दिसतं. रीतसर पद्धत होती, म्हणून ती कुणी मोडली हे विचारता आलं. गुपचूप निवडीत तेही शक्य नसतं. पण विचारायला आतल्याच कुणीतरी तोंड उघडावं लागतं. ते काम नियम करत नाहीत.

इथे थांबूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.