जावातील खेडे आणि ऊस

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंतव्याख्यानमालेचा पाया घातला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच रानड्यांनी १८९० साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेपुढे डचांच्या ताब्यातील पूर्वेकडील बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियावर, एक निबंध वाचला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. तेथील सरकारने शेतकऱ्यांकडून ऊस, कॉफी, नीळ ही पिके करवून घेतली, कारखानदारांना बिनव्याजी आगाऊ रकमा दिल्या, आणि बेटातून कच्च्या मालाऐवजी तयार माल बाहेर जाऊ लागला, या व्यवस्थेचा त्यांनी त्यात विचार केला होता. इंग्रजी राज्यात हिंदुस्थान केवळ कच्चा माल पुरविणारा देश होऊन बसला आहे, सरकारने मनात आणले तर हे बदलता येते, आणि त्याचे उदाहरण समुद्रापलीकडे आहे, असे त्यांच्या विचाराचे धोरण होते. त्या काळाचा विचार करता ही दृष्टी किती दूरची होती, हे निराळे सांगावयास नको. परंतु हिशेबाची ती वही डचांची होती. जावाच्या एखाद्या खेड्यात बसून तीच वही वाचली तर ती कशी दिसते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम ते खेडे पाहू. खेड्याला तिकडे 'देसा' म्हणतात. हा आपलाच 'देश' शब्द होय. मध्य जावात चार-सहा वाड्यांचे मिळून एक देसा होते. सभोवार पाटाच्या पाण्याची भातखाचरे असतात, त्यांना 'सावाह' म्हणतात. खाचरांच्या हिरव्या पाण्यात बेटासारखी उठून दिसणारी झाडांची दाटी म्हणजे गाव. प्रत्येक घराभोवती नारळ, केळी, फणस, पपई, बांबू यांची परसबाग असते. ती इतकी भरगच्च असते की रस्त्यावरून घर दिसतच नाही. कोकणातल्या माणसाला हे वर्णन ऐकून आपलेच आगर आठवेल, आणि ते चुकीचे नाही.

गावचा मुख्य तो 'लुराह'. त्याच्या हाताखाली लिहिणारा 'चारिक', गावराखणीचा 'जागाबाया', मशिदीचे काम पाहणारा 'मोदिन', आणि पाटाचे पाणी वाटणारा 'उलु-उलु'. या मंडळींना परंपरेने पगार नसे. गावाच्या मालकीची जमीन त्यांना पदावर असेपर्यंत कसावयास मिळे. तिला 'बेंगकोक' म्हणतात. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाशी याचे नाते सांगण्याचा मोह होतो, पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपले वतन वंशपरंपरा चाले. बेंगकोक जमीन पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. आपल्याकडची वतने स्वातंत्र्यानंतर कायद्याने गेली. जावात मात्र कितीतरी गावांतून बेंगकोक जमिनी अजून चालू आहेत.

गावात सगळे सारखे होते, असे समजण्याचे कारण नाही. जुन्या घराण्यांतील जमीनधारक वेगळे, नुसते घर आणि परस असलेले वेगळे, आणि दुसऱ्याच्या आसऱ्याला राहणारे त्याहून वेगळे. बाजार आपल्यासारखा आठवड्याने भरत नाही. लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असा तेथे पाच दिवसांचा फेरा आहे, आणि बाजार त्या वाराप्रमाणे गावोगाव फिरतो. जन्म, सुंता, लग्न, मृत्यू, घरभरणी अशा प्रत्येक प्रसंगी शेजाऱ्यांना बोलावून 'स्लामतान' नावाचे जेवण होते. लोक बहुतेक मुसलमान. तरीही भाताच्या देवीचे नाव देवी श्री, आणि रात्रभर चालणाऱ्या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात अर्जुन आणि भीम. याचे आपल्याला कौतुक वाटते. पण आपण बहुधा एवढ्यावरच थांबतो आणि त्या भातामागे कोण राबतो हे विचारीत नाही.

इंग्रजांचा या खेड्याशी संबंध थोडाच काळ आला, पण तो हिंदुस्थानच्या मार्गाने आला. १८११ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो स्वतः मोहिमेबरोबर जावास गेले. १८१६ पर्यंत बेट इंग्रजांकडे राहिले आणि त्यातील बराच काळ कारभार स्टॅम्फर्ड रॅफल्स पाहत होते. जमिनीचा मालक सरकार आणि रयतेने त्याला पैशात सारा द्यावा, हे तत्त्व रॅफल्स यांनी तेथे लागू केले. मद्रास इलाख्यातील मन्रोच्या रयतवारीचा नमुना त्यांच्यापुढे होता. पुढे तीच रयतवारी मुंबई इलाख्यात दख्खनमध्येही आली. म्हणजे इंदापूरचा कुणबी आणि जावाचा शेतकरी हे साऱ्याच्या बाबतीत एकाच घराचे सावत्र भाऊ होत.

डच परतले ते कर्जबाजारी होऊन. १८२५ ते १८३० या काळात दिपोनेगोरो या राजपुत्राशी झालेल्या युद्धात त्यांचा खजिना रिता झाला. तेव्हा योहानेस फान डेन बॉश यांनी १८३० साली नवी पद्धत आणली. कागदावर ती मोठी सोज्ज्वळ दिसते. गावाने पैशात सारा देण्याऐवजी आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला द्यावा. ज्याला जमीन नाही त्याने वर्षाला ६६ दिवस सरकारी लागवडीवर काम करावे. पिकाची किंमत साऱ्याहून अधिक झाली तर वरकड गावाला परत मिळावी. शेतकऱ्याचा दोष नसता पीक बुडाले तर नुकसान सरकारने सोसावे.

प्रत्यक्षात काय झाले? जितका माल भरेल त्या प्रमाणात डच अंमलदार आणि जावाचे देशी सरदार या दोघांनाही दलाली ठरविलेली होती. ज्याच्या हातात चाबूक त्यालाच टक्केवारी दिल्यावर पाचव्या हिश्श्याची मर्यादा कोण पाळणार? कोठे तिसरा हिस्सा घेतला, कोठे निम्मी जमीन. ६६ दिवसांचा हिशेब तर कागदावरच राहिला. १८४० च्या सुमारास सक्तीच्या पिकांखाली एकूण जमीन थोडीच होती, पण निम्म्याहून अधिक कुटुंबे त्या कामाला जुंपली गेली होती. जमिनीचा आकडा पाहणाऱ्याला पद्धत हलकी वाटे. हातांचा आकडा पाहिला म्हणजे तिचे वजन कळते.

यातही उसाची गोष्ट विशेष आहे. कॉफी डोंगरउतारावर होई; ऊस मात्र त्याच पाण्याच्या खाचरात लागे जिथे भात पिके. भाताचे बांध मोडून खोल चर खणावयाचे, वर्ष-दीड वर्ष ऊस उभा ठेवावयाचा, तो तोडून गाडीने कारखान्यावर पोचवावयाचा, मग चर बुजवून पुन्हा भाताची खाचरे करावयाची. आणि तोवर उसाची पाळी शेजारच्या खाचरावर. वेठीचे ओझे जमीन असलेल्यावर पडे, तेव्हा अनेक गावांनी जमीन अधिक लोकांत वाटली. हेतू हा की ओझेही वाटले जावे. पुढच्या काळात ज्या सामुदायिक मालकीला विद्वानांनी जावाच्या खेड्याचा प्राचीन स्वभाव म्हणून वाखाणले, तिचा बराच भाग या वेठीतून वाढलेला आहे. हे वाचून माझी तरी थोडी करमणूक होते, आणि खेदही होतो.

१८४९-५० मध्ये देमाक आणि ग्रोबोगान या जिल्ह्यांत दुष्काळ पडला. त्या काळच्या आकड्यांप्रमाणे देमाकची वस्ती ३ लाख ३६ हजारांवरून १ लाख २० हजारांवर आली, आणि ग्रोबोगानची ९८ हजारांवरून ९ हजारांवर. यातले पुष्कळ लोक मेले नसून परागंदा झाले होते, हे खरे. पण भाताच्या मुलखातून माणसे गाव टाकून निघाली, ही गोष्ट उरतेच. आणि हॉलंडच्या खजिन्यात? १८३१ ते १८७७ या काळात जावाकडून ८२ कोटी ३० लाख गिल्डर पोचले. त्यातून राष्ट्रीय कर्ज फिटले आणि रेल्वे बांधल्या गेल्या.

या पद्धतीविरुद्ध मोठा आवाज उठविला तो एका डच अंमलदारानेच. एडुआर्ड डाउवेस डेकर हे १८५६ साली लबाक जिल्ह्यात थोडे दिवस अधिकारी होते. तेथील देशी सरदाराच्या जुलुमाची तक्रार केल्याबद्दल त्यांना नोकरी सोडावी लागली. १८६० मध्ये त्यांनी 'मुल्तातुली' या टोपणनावाने 'माक्स हावेलार' ही कादंबरी छापली. तिच्यात एका शेतकऱ्याची म्हैस पुनःपुन्हा हिरावली जाण्याची कथा आहे. योगायोग असा की पुढल्याच वर्षी, १८६१ मध्ये, कलकत्त्याचे बॅरिस्टर मनी यांचे पुस्तक निघाले. वसाहत कशी चालवावी याचा धडा जावाकडून घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. एकाच पद्धतीवर ही दोन पुस्तके! एक म्हशीच्या दाव्याकडून लिहिलेले, दुसरे जमाखर्चाकडून.

अलीकडच्या इतिहाससंशोधनाने डचविरोधी चित्रही थोडे सौम्य केले आहे. काही भागांत गावात पैसा खेळू लागला, गाडीवान, सुतार, कुंभार यांना काम मिळाले, बाजार वाढले. सर्वत्र उपासमार नव्हती. रानड्यांना दिसलेली गोष्ट अगदीच खोटी नव्हती. पण कारखाने ज्यांचे झाले ते युरोपीय आणि चिनी कंत्राटदार होते. ऊस गावचा, पाणी गावचे, मजूर गावचे, आणि साखर दुसऱ्याची. १८७० च्या कायद्यांनी उसाची सक्ती हळूहळू उठली, तरी ही वाटणी बदलली नाही. रॅफल्सच्या काळी जावाची वस्ती सुमारे ४६ लाख मोजली होती. १९३० च्या शिरगणतीत ती ४ कोटींवर गेली. जमीन तेवढीच, उसाची पाळी चालूच. अमेरिकन अभ्यासक क्लिफर्ड गिअर्त्झ यांनी १९६३ मध्ये असा सिद्धान्त मांडला की या कोंडीत खेड्याने एकाच खाचरात अधिकाधिक हात घालून, थोडे थोडे वाटून खाऊन दिवस काढले. या वाटपात सारखेपणा कितपत होता यावर पुढे बराच वाद झाला, आणि माझ्या मते वाद करणाऱ्यांची बाजू अधिक सबळ आहे.

आता महाराष्ट्राचा खरा धागा. १९२० नंतरच्या दशकात जावाच्या साखरेचे मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. जागतिक मंदी आली, आणि १९३२ साली हिंदुस्थान सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिले. दख्खनच्या कालव्यांवर कारखान्यांची धुराडी उठू लागली. तिकडे जावाचे उत्पादन सुमारे ३० लाख टनांवरून १९३५ पर्यंत ५ लाख टनांच्या आसपास आले, आणि मजुरीवर जगणारी हजारो कुटुंबे पुन्हा नुसत्या भाताकडे व कंदमुळांकडे वळली. एवढेच नव्हे, जावाच्या पासुरुआन येथील संशोधन केंद्राने काढलेली 'पीओजे २८७८' ही उसाची जात आपल्या कालव्यांवर आली, आणि तिच्याच संकरातून कोईमतूरला 'को. ४१९' तयार झाला. नगर-कोल्हापूरकडच्या जुन्या बागाईतदाराला ४१९ ची ओळख करून देण्याची गरज नाही. १९५० मध्ये प्रवरेवर शेतकऱ्यांचा स्वतःच्या मालकीचा सहकारी कारखाना चालू झाला. जावाच्या ऊसवाल्या खेड्याला शंभर वर्षांत जे मिळाले नाही ते इथे, निदान आरंभी, मिळाले.

स्वातंत्र्यानंतर, १९६० साली, इंडोनेशियाने कूळ आणि कमाल जमीनधारणेचे कायदे केले. अंमलबजावणी रेंगाळली, १९६३-६४ मध्ये भूमिहीनांनी आपण होऊन जमिनी ताब्यात घेण्यास आरंभ केला, आणि गावे दुभंगली. १९६५-६६ मध्ये सैन्याच्या आधाराने साम्यवाद्यांची कत्तल झाली. निदान ५ लाख माणसे मेली, त्यांतली फार मोठी संख्या मध्य व पूर्व जावा आणि बाली येथील खेड्यांतली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दाखवून दिले. त्यानंतर कित्येक दशके गावात जमिनीच्या वाटपाचा शब्द कोणी मोठ्याने काढीत नसे.

मग नवे भात आले, त्याबरोबर खत, औषधे आणि सरकारी कर्ज. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला. मधल्या काळात तपकिरी तुडतुड्यांनी शेतेच्या शेते जाळली, कारण फवाऱ्याने तुडतुड्यांना खाणारे कोळीही मरत होते. १९८६ मध्ये सरकारला भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली.

पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते एक लहानसे हत्यार. जावात भात कापीत ते 'आनी-आनी' नावाच्या, तळहातात मावणाऱ्या पात्याने. एकेक लोंबी खुडून. हे काम बायकांचे. कापणीच्या दिवशी गावातील कोणाही बाईला शेतात उतरता येई, आणि कापलेल्या पेंढ्यांतला ठराविक वाटा, 'बावोन', तिला मिळे. मालकाने नाही म्हणणे लाजिरवाणे समजत. नव्या भाताबरोबर, १९७० च्या पुढे, मालक उभे पीकच व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी आपली विळ्यांची टोळी आणि तराजू घेऊन येई. मालकाची भीड वाचली, बायकांचा वाटा गेला. त्याच सुमारास भाताच्या गिरण्या आल्या आणि उखळ-मुसळावर मिळणारी कांडपाची मजुरीही गेली. कांडणाचे कष्ट सरले याचे वाईट कोणास वाटणार? परंतु ते कष्टच जिची मिळकत होती, तिला गिरणीने काय दिले, हे कोणी विचारले नाही.

त्याच दशकात, १९७३ पासून पाच-सहा वर्षांत, तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या. त्या शाळांतून शिकलेल्या मुली शहरातील कारखान्यांत गेल्या. कित्येकजणी मलेशिया, सौदी अरेबिया, हाँगकाँग, तैवान येथे घरकामाला गेल्या. आज जावाच्या गावात टाईल्स लावलेले नवे पक्के घर दिसले तर त्यामागे बहुधा परदेशातल्या मुलीची कमाई असते. २०१४ च्या ग्रामकायद्याने सरकारी तिजोरीतून थेट गावाला निधी मिळू लागला आहे. पाट, पूल, रस्ते झाले, आणि लुराहच्या निवडणुकीतला खर्चही वाढला. २०२४ मध्ये त्याची मुदत सहा वर्षांवरून आठ केली आहे. शेती मात्र तुकड्यातुकड्यांत आहे: २०२३ च्या कृषिगणनेत देशातील दर पाच शेतकरी कुटुंबांतली सुमारे तीन अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन कसणारी होती. तरुणांना ती नको आहे. मोटारसायकल, दुकान, शहरातली नोकरी, हे त्यांचे मनोरथ.

कित्येक गावांत आता कापणीला यंत्र येते, तेही बाहेरून, भाड्याने. यंत्र पुढे गेले की मागे चार-दोन म्हाताऱ्या बायका खाचरात उतरतात आणि सांडलेल्या लोंब्यांचा सरवा वेचतात. त्याला मालकाची हरकत नसते.