तांबे वास काढते, विष नाही

घाटंजी, पांढरकवडा, झरी जामणी या यवतमाळच्या मोहाच्या पट्ट्यात हातभट्टीचा विषय निघाला की एक मत ठामपणे ऐकू येते: तांब्याच्या भांड्यातून गाळलेली दारू शुद्ध असते, ती बाधत नाही. तांब्यातले पाणी गुणकारी मानणाऱ्या आपल्या समाजाला हे पटतेही लगेच. या मताचा अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे.

आधी खरा भाग पाहू. मोहफुलांत साखर भरपूर असते. गाळण्यासाठी भिजवलेला सडवा आंबताना यीस्टला नत्र कमी पडले की ते हायड्रोजन सल्फाइड सोडते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. गाळताना हा वायू वाफेबरोबर तांब्याला भिडला की गंधक धातूशी जोडला जातो आणि कॉपर सल्फाइडचा काळा थर भांड्यावरच राहतो. म्हणून तर स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीची पात्रे तांब्याची असतात आणि गोव्यात फेणीसाठीही तांब्याचे भांडे वापरतात. तांब्याने वास जातो, चव सुधारते, हे निर्विवाद आहे.

पण वास गेला म्हणजे विष गेले, हा निष्कर्ष निघतो कुठून? दारूतले जीवघेणे विष म्हणजे मिथेनॉल. त्यात गंधकाचा अंशही नाही. तांब्याने धरावे असे त्यात काही नसल्याने ते वाफेबरोबर सरळ पुढे निघून जाते. त्याला वेगळा, सावध करणारा वासही नाही; साध्या दारूपासून ते नाकाने ओळखता येत नाही. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे गेली, ती दारूत मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. अशी भेसळ गाळल्यानंतर होते. तेव्हा भांडे तांब्याचे होते की पत्र्याचे, याने काय फरक पडणार?

दुसरा मुद्दा नवसागराचा. हातभट्टीवरच्या धाडींत काळ्या गुळाबरोबर तो सापडतो. कल्हईवाला तांब्याचे भांडे तापवून त्यावर नवसागर घासतो, कारण तो तांब्यावरचा गंज खातो. आंबट ताक बिनकल्हईच्या भांड्यात कळकते, हे आपल्या घरातल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक होते. आंबलेला सडवा आणि नवसागर एकत्र आल्यावर तांबे कोरले जाणारच. वाफ थंड करणाऱ्या तांब्याच्या नळीत हिरवट पुटे धरली असतील, तर आंबट वाफ थंड होताना ती विरघळवून धारेत उतरवते. ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचे कौतुक होते, त्याच धारेत ती आधी येतात. शुद्ध करणारा मानलेला धातूच मग दूषित करणारा ठरतो.

तेव्हा सिद्धान्त एवढाच: तांबे गंधकावरचा उपाय आहे, विषावरचा नाही. मद्य निर्धोक आहे की नाही, हे प्रयोगशाळेतली तपासणी सांगते. भांडे सांगत नाही, नाकही सांगत नाही. घरी दारू गाळणे 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि तांब्याच्या भांड्याने त्यातला धोका टळत नाही.

एक विनंती मात्र प्रत्येक घराला. मिथेनॉलचा परिणाम दिसायला अनेक तास, कधी दिवसभरही लागतो. दारू प्यायलेल्या माणसाला अंधुक दिसू लागले, पोटात दुखू लागले, धाप लागली, तर ‘तांब्याची होती’ म्हणून थांबू नका. त्याला तत्काळ रुग्णालयात न्या. वेळेत उपचार झाले तर डोळे वाचतात, जीवही वाचतो.