टीप : खुशी की पगार?



तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावाला कामासाठी गेलं, की कधीतरी हॉटेलात जेवायची वेळ येते. जेवण होतं, वेटर बडीशेपेच्या बशीत बिल आणून ठेवतो आणि टेबलाभोवती कुजबुज सुरू होते. किती ठेवायचे? दहा पुरेत का? सुटे आहेत का कुणाकडे? एक म्हणते, बिलात आलं की सगळं, वेगळं कशाला. दुसरी म्हणते, राहू दे गं, त्या पोराला तेवढाच आधार.

या वरच्या पैशाला आपल्याकडे नावं पुष्कळ आहेत. कुणी खुशी म्हणतं, कुणी बक्षीस, कुणी चहापाणी. दिवाळीला देतात ती पोस्त. हॉटेलातल्या पैशाला मात्र आता सगळीकडे टीप म्हणतात. हा शब्द इंग्लंडमधल्या चोरांच्या बोलीतून आला असं भाषेचे अभ्यासक सांगतात. त्याचा अर्थ होता, हातात देणं, सरकवणं.

टीप किती द्यायची हे माणसं कशावरून ठरवतात, आणि ती घेणाऱ्याच्या घरात तिचं काय होतं, याबद्दल आज बोलूया. त्यासाठी अमेरिकेचा इतिहास पाहावा लागेल. कारण तिथं टीप नुसती खुशी राहिली नाही, ती पगाराच्या जागी येऊन बसली.

सुरुवात इंग्लंडपासून. तिथं सतराव्या-अठराव्या शतकात श्रीमंतांच्या वाड्यावर पाहुणे मुक्कामाला जात. निघताना दाराशी नोकर रांगेनं उभे राहत आणि पाहुण्यानं प्रत्येकाच्या हातावर काही ठेवायचं, असा रिवाज होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले पैसेवाले लोक युरोपात फिरायला जाऊ लागले आणि ही पद्धत घरी घेऊन आले. पुष्कळ अमेरिकनांना ती आवडली नाही. आमच्याकडे राजे नाहीत, सरदार नाहीत, मग एकानं हात पसरायचा आणि दुसऱ्यानं त्यावर नाणं टाकायचं, हे कशाला? असं ते विचारत.

पण याच सुमाराला तिथं एक मोठी घटना घडली. 1865 साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपली. लाखो काळी माणसं मोकळी झाली. आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं, ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी ही गुलामी मोडायला कष्ट घेतले त्यांनाच अर्पण केलं. इतकी ती गोष्ट जगभर पोचली होती.

माणसं मोकळी झाली, पण त्यांच्या हाती जमीन नव्हती, पैसा नव्हता. मिळेल ते काम धरणं भाग होतं. हॉटेलं आणि रेल्वेनं त्यांना कामावर घेतलं. 1867 साली जॉर्ज पुलमन नावाच्या माणसानं पुलमन कंपनी काढली. लांबच्या प्रवासात गाडीत झोपायची सोय असलेले झोकदार डबे ही कंपनी चालवायची. त्या डब्यांत प्रवाशांच्या सेवेला पोर्टर लागत. त्या कामासाठी कंपनीनं मुद्दाम गुलामीतून सुटलेले काळे पुरुष निवडले. वर्षानुवर्षं मालकाची सेवा केलेली ही माणसं कमी पैशात मुकाट राबतील, असा तो हिशेब होता.

काम काय, तर प्रवाशांच्या पेट्या उचलायच्या, अंथरुणं घालायची आणि काढायची, रात्री सगळे झोपले की त्यांचे बूट पॉलिश करायचे, घंटी वाजली की धावायचं. पॉलिश स्वतःच्या पैशानं आणायचं. झोप मिळायची ती दोन-चार तास. बरेच प्रवासी त्यांना त्यांच्या नावानं हाकही मारत नसत. मालकाचं नाव जॉर्ज, म्हणून प्रत्येक पोर्टर जॉर्ज. गुलामाला मालकाच्या नावानं ओळखायची जुनी रीत होती, तीच ही.

आणि पगार? 1915 साली अमेरिकन सरकारनं नेमलेल्या एका आयोगासमोर याची चौकशी झाली. तेव्हा पोर्टरचा पगार महिन्याला 27.50 डॉलर होता. त्यात घर चालत नव्हतं. बाकीचं प्रवाशांच्या टिपेतून निघेल, असं कंपनीनं धरलेलं होतं. या आयोगासमोर कंपनीच्या बाजूनं साक्ष द्यायला आले ते रॉबर्ट लिंकन. ज्या अब्राहम लिंकन यांच्या काळात गुलामगिरी संपली, त्यांचे हे चिरंजीव. ते बरीच वर्षं पुलमन कंपनीचे अध्यक्ष होते.

म्हणजे पाहा, पोर्टरचा खरा पगार कंपनी देत नव्हती, प्रवासी देत होते. प्रवाशाची मर्जी असली तर चूल पेटणार. मग पोर्टरनं अपमान झाला तरी हसायचं, वेडंवाकडं बोलणं ऐकूनही हसायचं.

टिपेविरुद्ध तिथं आवाज उठला नाही असं नाही. 1909 साली वॉशिंग्टन राज्यानं टीप घेण्या-देण्यावर बंदी घातली. 1915 पर्यंत सहा राज्यांत असे कायदे झाले. पण टीप बंद करायची तर पगार वाढवायला हवा, ते कुणी केलं नाही. कायदे पाळले गेले नाहीत आणि 1926 पर्यंत ते सगळे रद्द झाले.

खरा बदल झाला तो पोर्टरांनी स्वतः संघटना बांधली तेव्हा. 1925 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांची युनियन उभी राहिली. पुढारी होते ए. फिलिप रँडॉल्फ. ते स्वतः पोर्टर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. मागणी साधी होती. आम्हाला जगण्यापुरता पगार द्या, कामाचे तास ठरवा.

मैत्रिणींनो, या लढ्यात बायकांचा वाटा फार मोठा आहे. युनियनचं नाव काढलं तरी पोर्टरची नोकरी जायची. कंपनीचे हेर सगळीकडे असत. म्हणून पोर्टरांच्या बायका पुढे झाल्या. वॉशिंग्टन शहरात रोझिना टकर नावाची एक बाई होती. तिचा नवरा पोर्टर होता. ती पोर्टरांच्या घरोघरी जायची, युनियनची पत्रकं पोचवायची, वर्गणी गोळा करायची, घरच्या बायकांना समजावून सांगायची. कंपनीला याचा पत्ता लागला आणि तिच्या नवऱ्याला कामावरून काढलं.

रोझिनाबाई रडत बसल्या नाहीत. त्या सरळ कंपनीच्या कचेरीत गेल्या आणि साहेबाचं टेबल वाजवून म्हणाल्या, की मी काय करते याच्याशी तुमचा संबंध नाही, त्यासाठी माझ्या नवऱ्याची नोकरी कशी काढता? काळ्या बाईनं गोऱ्या साहेबाला असं बोलणं त्या काळी साधं नव्हतं. पण नवऱ्याला परत कामावर घेतलं गेलं. पुढे वयाची शंभरी गाठल्यावरसुद्धा त्या हा इतिहास तरुणांना सांगत होत्या.

बारा वर्षं लढा चालला. अखेर 1937 साली पुलमन कंपनीनं युनियनशी करार केला. पगार वाढला. महिन्याला जवळपास 400 तास राबावं लागायचं, ते 240 वर आलं. प्रवासी टीप देतच राहिले, पण आता घर नुसतं तिच्यावर अवलंबून नव्हतं.

हॉटेलात वाढणाऱ्यांचं मात्र तसं झालं नाही. 1938 साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला, तेव्हा हॉटेलातले कामगार त्यातून वगळले गेले. शेतमजूर आणि घरकाम करणारेही वगळले गेले. ज्या कामांत काळी माणसं आणि बायका जास्त, तीच कामं नेमकी बाहेर राहिली. 1966 साली हॉटेल कामगारांना कायद्यात घेतलं, पण एक पळवाट ठेवून. गिऱ्हाईक टीप देतंच, तर ती पगारात धरा आणि मालकानं तेवढं कमी दिलं तरी चालेल. आज तिथं देशपातळीवरचं किमान वेतन तासाला 7.25 डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं 2.13 डॉलर दिले तरी कायद्यात बसतं. हा 2.13 चा आकडा 1991 पासून हललेला नाही. टीप कमी पडली तर उरलेलं मालकानं भरून द्यावं असं कायदा सांगतो, पण ते मागायला जाणार कोण? कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी ही पळवाट बंद करून मालकाला पुरं किमान वेतन द्यायला लावलं आहे. तिथंही हॉटेलं चालतातच. टिपेवर जगणाऱ्या या कामगारांत सुमारे दोन तृतीयांश बायका आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टीप किती, हे लोक कशावरून ठरवतात? आपल्याला वाटतं, चांगलं वाढलं तर जास्त, वाईट वाढलं तर कमी. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी हे तपासून पाहिलं. सेवेचा संबंध फार थोडा निघाला. बहुतेक लोक बिलावर ठरलेले टक्के देतात. पूर्वी 10 टक्क्यांची रीत होती, मग 15 ची, आता 20 पर्यंत गेली आहे. बरोबरचे लोक काय म्हणतील, ही भीडही मोठी असते. बाकीच्या गोष्टी तर भलत्याच. एका प्रयोगात वाढणाऱ्या बाईनं बिलावर हसरा चेहरा काढला, तर तिला जास्त टीप मिळाली. पुरुषानं तेच केलं तर वाढली नाही. म्हणजे हसणं कुणाकडून अपेक्षित आहे ते बघा. दुसऱ्या एका अभ्यासात, सेवा सारखीच असताना काळ्या वेटरला गोऱ्यापेक्षा कमी टीप मिळाल्याचं दिसलं. पगार मर्जीवर सोडला, की मर्जीबरोबर जात, रंग, बाई-पुरुष हा भेदही ताटात येतो.

हे आपल्याला अनोळखी नाही. गावगाड्यात महारकी करणाऱ्यांना बलुतं आणि दारोदारची भाकर मिळायची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. महार वतनदार सरकारचं काम करतात तर त्यांना रोख मोबदला मिळाला पाहिजे, लोकांच्या मर्जीवर त्यांनी का जगावं, हाच त्यामागचा प्रश्न होता. ते विधेयक तेव्हा पुढे गेलं नाही. अशी वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडलं.

आणि आजचं पाहा. आपल्यातल्याच कितीजणी अंगणवाडीत आहेत, आशा म्हणून गावभर फिरतात. अंगणवाडीताईला जे मिळतं त्याला म्हणतात मानधन. आशाताईला मिळतो तो कामागणिक मोबदला. पगार हा शब्द टाळला जातो, कारण पगार म्हटलं की हक्क आले, रजा आली, निवृत्तीनंतरचे पैसे आले. पण एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. यात एक गंमत आहे. ग्रॅच्युइटी या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ टीप, बक्षीस असाच आहे. खूश होऊन द्यायची ती रक्कम कामगारांनी झगडून कायद्यात आणली आणि ती हक्काची झाली.

मग आपण हॉटेलात टीप द्यायची की नाही? जरूर द्या, ऐपतीप्रमाणे द्या. शक्यतो वाढणाऱ्याच्याच हातात द्या. बिल आलं की आधी वाचा. त्यात सर्व्हिस चार्ज लावला आहे का बघा. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं आहे, की हॉटेलानं हा आकार आपोआप बिलात लावू नये, तो सक्तीचा नाही. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हे म्हणणं उचलून धरलं. लावला असेल तर काढायला सांगा, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. काढून घेतल्यावर वाटलं तर तेच पैसे वाढणाऱ्याला द्या.

शेवटी गटासाठी एक काम. आपल्यातल्या अनेकजणी महाप्रसाद, लग्न, मेळावे यांत स्वयंपाकाची कामं घेतात. काही गट खानावळ चालवतात. पुढच्या बैठकीत बसून ठरवा, की भाकऱ्या थापणारीला, भांडी घासणारीला दिवसाचे किती द्यायचे. आकडा वहीत लिहा आणि काम घेतानाच तो दरात धरा. वर कुणी खुशीनं काही दिलं, तर ते सगळ्यांत सारखं वाटा. पण ती खुशी येईल म्हणून मजुरी कमी लावू नका. रोझिनाबाई घरोघरी जाऊन हेच तर सांगत होत्या.