बरोबरीचा पाहुणा

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत पाहुण्यांचा विषय काढला म्हणून कुणी रागावणार नाही, अशी आशा आहे. भाऊबीज अजून व्हायची आहे, घरात गाद्यांची मोजदाद चालू आहे, आणि चकल्या पुरतील की नाही या चिंतेत घरची बाई आहे. अशा वेळी समजा, कुणी सांगितले की एक जर्मन मुलगी वर्षभर तुमच्या घरी राहायला येणार आहे. तुमची मुले सांभाळील, घरकामाला हात लावील, तुमची भाषा शिकेल. तर काय होईल?

युरोपात ही चाल आता रुळली आहे. ‘ओ पेअर’ हा त्यासाठीचा फ्रेंच शब्द, आणि त्याचा सरळ अर्थ ‘बरोबरीने’. जर्मनीत अशा मुलीने आठवड्याला 30 तासांहून अधिक काम करायचे नाही, असा दंडक आहे. ती मोलकरीण नव्हे आणि पाहुणीही नव्हे; जेवायला घरच्यांच्याच पंक्तीला बसते. आपल्याकडच्याही मुली अशा रीतीने तिकडे जातात. परंतु उलट वाट धरून तिकडची मुलगी इकडे आली, तर आपण तिला कोणत्या पाटावर बसवणार? आपल्या घरात पाहुण्याचा पाट आहे, नातलगाचा आहे, नोकराचीही जागा ठरलेली आहे. बरोबरीचा पाट मात्र मांडलेला सापडत नाही.

पहिल्याच जेवणाला घोटाळा होईल. वाढताना आपण ‘अजून एक पोळी’ म्हणणार. ती ‘डांके’ म्हणेल. डांके म्हणजे आभार. पण काही पुढे केले असताना नुसते आभार मानणे याचा तिकडे अर्थ ‘नको’ असा होतो, आणि ते नको एकदाच म्हणायचे असते. आपले नको तसे नाही. आपले पहिले नको संकोचाचे, दुसरे रीतीचे, आणि तिसरे खरे असले तरी त्यावर पोळी पडतेच! वऱ्हाड-नागपुराकडे तर ‘घ्या जी’ म्हणताना त्या ‘जी’मध्येच पोळीचे वजन असते. बिचारी दोन दिवसांत आजारी पडेल, आणि आपण म्हणू की हिला इकडचे पाणी बाधले.

मग हाक मारण्याचा प्रश्न. जर्मन भाषेत घरच्या माणसाला ‘डू’ आणि परक्याला ‘झी’, दोनच पायऱ्या. आपल्या तीन: तू, तुम्ही, आपण. शिवाय आपण आईला ‘अगं तू’ म्हणतो आणि वडिलांना ‘अहो तुम्ही’. याचा उलगडा त्या मुलीला कोण करून देणार? दार लावून खोलीत बसली तर आपल्याला वाटेल रुसली. दार न वाजवता आपण आत गेलो तर तिला वाटेल हा काय प्रकार! आणि संध्याकाळी तिला पाव आणि लोणी यांचे थंड जेवण हवे असणार, म्हणजे आपल्या गरम भातावर बहिष्कारच.

हे सारे कल्पनेतले झाले. पण वर्धा जिल्ह्यात ते एकदा खरोखर घडून गेले आहे, आणि तेही एकदा नव्हे. फक्त ते घर म्हणजे एक आश्रम होता, आणि घरधनी होते महात्मा गांधी.

विनोबा 1921 साली वर्ध्याला आले आणि तिथला सत्याग्रहाश्रम उभा राहिला. 1933 साली साबरमतीचा आश्रम गांधीजींनी विसर्जित केला; त्या वर्षीच्या शरद ऋतूत ते वर्ध्यात होते आणि नोव्हेंबरात तिथूनच हरिजनयात्रेला निघाले. त्याच साली डॉ. मार्गारेटे श्पीगेल नावाच्या बर्लिनच्या शिक्षिका आश्रमात दाखल झाल्या. त्या ज्यू होत्या. हिटलर सत्तेवर आला, आणि ज्यूंना सरकारी शाळांतून काढण्याचा सपाटा सुरू झाला. श्पीगेलबाईंची नोकरीही गेली. गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून होता. म्हणजे ही पाहुणी हौसेने आलेली खरी, पण परतीचा दरवाजा तिच्यामागे बंद झालेला होता. वर्षभरासाठी आलेली मुलगी आणि परत जायला घर नसलेली बाई यांच्यात केवढे अंतर! पहिलीला घरची आठवण आली तर आपण तिचे डोळे पुसू. दुसरीला काय सांगावे?

गांधीजींनी त्यांचे नाव ‘अमला’ ठेवले. इथे मला जरा थांबावेसे वाटते. इंग्रज दर्यासारंगाची मुलगी मॅडेलिन स्लेड आली, ती मीरा झाली. कॅथरीन हाइलमन आली, ती सरला झाली. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहितात, तसाच हा प्रकार नाही का? नाव बदलले की माणूस घरचे झाले, ही आपली समजूत. आनंदाने नवे नाव घेणाऱ्या सुना असतात, आणि माहेरच्या नावासाठी रात्री रडणाऱ्याही असतात. ताट पुढे करणाऱ्याला ते दिसत नाही. या बायकांनी ती नावे प्रेमाने मिरवली, हे खरे. तरी त्या मुली होऊन आल्या म्हणून त्यांना नवी नावे मिळाली. पुढे जो जर्मन मित्र होऊन आला, त्याचे नाव कुणी बदलले नाही.

सरलाबेनची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण आपल्या त्या काल्पनिक मुलीच्या सर्वांत जवळची तीच. जन्म लंडनचा, 1901 सालचा. वडील जर्मन-स्विस वंशाचे. पहिल्या महायुद्धात त्या एका कारणाने वडिलांना स्थानबद्ध केले, आणि मुलीला शाळेत तोंड वर काढता येईना. आपल्याच गावात परके होणे म्हणजे काय, हे ती पोरवयातच शिकली होती. 1932 साली ती हिंदुस्थानात आली, आणि पुढे वर्धा-सेवाग्रामला मुले-मुली शिकवण्याच्या कामात पडली. मन रमले, पण अंगाला ते हवामान मानवेना. वर्ध्याचा उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे; वैशाखात कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. त्यात हिवताप. अखेर ती हिमालयाच्या पायथ्याकडे, कौसानीला गेली, आणि तिथल्या पहाडी मुलींसाठी 1946 साली तिने आश्रम काढला. सासर मानवले नाही म्हणून माहेरी न जाता तिने तिसरेच घर बांधले, असे म्हणायचे.

आता तो मित्र. हर्मन कॅलनबॅक जन्माने ज्यू, वाढलेला पूर्व प्रशियात, धंद्याने वास्तुशिल्पी. जोहान्सबर्गमध्ये त्याची ऐट अशी की घरभाडे सोडून एकट्या जिवावर महिन्याला 1200 रुपये खर्च. गांधीजींच्या संगतीत तो 120वर आला. दोघे एका घरात राहिले, आणि तिथे पाहुणा कोण नि यजमान कोण हे सांगणे कठीण, कारण घर कॅलनबॅकचे आणि शिस्त गांधीजींची. 1910 साली त्याने आपली 1100 एकरांची जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली; तेच टॉल्स्टॉय फार्म. मारियनहिलच्या जर्मन साधूंच्या मठात जाऊन तो चपला करायला शिकून आला आणि गांधीजींना त्याने ती विद्या दिली. सापांविषयी पुस्तके वाचून त्याने एक मोठा नाग पाळला होता. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ घालायचा. 1914 साली दोघे बोटीने विलायतेला निघाले असताना कॅलनबॅकच्या किमती दुर्बिणींवरून वाद झाला, आणि वाद मिटेना तेव्हा वस्तूच समुद्रात टाकली. आपल्या घरातले किती वाद असे मिटतील! पण समुद्र हाताशी लागतो.

पुढे तो गांधीजींबरोबर हिंदुस्थानात यायचा होता. युद्ध पेटले, आणि जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला परवाना नाकारला. गांधीजींनी व्हाइसरॉयपर्यंत खटपट केली, व्यर्थ. त्याला स्थानबद्ध करण्यात आले. ताटातूट झाली ती 22 वर्षांहून अधिक.

1937 सालच्या मे महिन्यात तो आला. गांधीजी तेव्हा गुजरातेत तिथलला होते. तिथून तो त्यांच्याबरोबर वर्ध्याजवळच्या शेगावला आला. वर्ध्यापासून पाच मैलांवरचे हे खेडे. गांधीजी तिथे 1936च्या एप्रिलअखेर राहायला गेले होते. बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून 1940 साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. माती, बांबू, कौले यांचे घर, भोवती विंचूसाप. बापूकुटी पाहायला गेलात तर साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि पेटी तिथे मांडलेली दिसेल. साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा. तो चिमटा पाहताना मला टॉल्स्टॉय फार्मवरचा नाग आठवला. साठी उलटलेल्या त्या जर्मनाला जगातल्या आणखी कोणत्या घरात इतके ओळखीचे वाटले असते?

मघाशी ज्या अडचणी सांगितल्या, त्या इथे कशा सुटल्या ते पाहण्यासारखे आहे. जेवणात आग्रह नाही. अन्न औषधासारखे, शरीराला लागेल तेवढे. पानात टाकायचे नाही. वेळ घंटेची. पहाटे चारच्या सुमारास प्रार्थनेला उठणाऱ्या आणि कमरेला घड्याळ लावणाऱ्या यजमानापुढे जर्मन माणसाला वक्तशीरपणाची फुशारकी मारायला जागा नव्हती. उलट आपल्यापैकी जे तिथे जात, तेच घंटेला दचकत. आणि मुख्य म्हणजे काम. सूत कातणे, भाजी चिरणे, संडास साफ करणे यांत पाहुणा म्हणून सुटका नाही. आपण पाहुणीच्या हातातला झाडू ओढून घेतो आणि त्याला आदर म्हणतो. तिला मात्र वाटत राहते की आपण या घरात अजून परकेच. झाडू हातात राहू देणे हे आपल्याला सर्वांत अवघड जाणार, याविषयी मला शंका नाही.

तरी आश्रमाचे एवढे कौतुक करताना स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून चालणार नाही. घरात परका माणूस ठेवण्याचा निर्णय बहुधा पुरुष घेतो, आणि तो निभावते घरची बाई. 1898 साली दरबानला राहत असताना गांधीजींनी आपल्या अस्पृश्य जातीतून ख्रिस्ती झालेल्या कारकुनाला घरी ठेवून घेतले आणि त्याचे मूत्रपात्र कस्तुरबांनी हसतमुखाने उचलावे असा हट्ट धरला. त्या रडत उतरल्या, तर नवऱ्याने हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. हे गांधीजींनीच स्वतःच्या आत्मकथेत लाजून लिहिले आहे. शेगावची शांत पंगत दिसते तिच्यामागे ते फाटक आहे. तिथे पोचायला त्या घराला चाळीस वर्षे लागली, आणि त्यातली निम्मी वाट तरी बांनी चालून काढली.

कॅलनबॅक 1937च्या जुलैत परत गेला. मधल्या काळात जर्मनीत ज्यूंची घरे आणि देवळे जळाली. 1938च्या 26 नोव्हेंबरच्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी ज्यूंवर लेख लिहिला. त्यांचे दुःख त्यांनी आपल्याकडच्या अस्पृश्यांच्या दुःखाच्या जोडीला ठेवले, आणि उपाय सांगितला तो सत्याग्रहाचा: जर्मनी हेच आपले घर असे म्हणून तिथेच राहावे, आणि अहिंसेने सोसावे. मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने पुढच्याच फेब्रुवारीत त्यांना लांबलचक उत्तर लिहिले. माझे मत विचाराल तर त्या वादात बूबरच्या बाजूला उभे राहावे लागते. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतले गोरे सरकार ठाऊक होते, दिल्लीचे ठाऊक होते. बर्लिनचे सरकार त्यांनी त्याच मापाने मोजले. भाजीत तिखट किती आणि दार लावायचे की नाही, हे भेद वर्षभरात मिटतात. पाहुण्याच्या गावाकडचे घर जळते आहे आणि आपण ते कधी पाहिलेले नाही, हा भेद मिटवायला यजमानाची सदिच्छा पुरत नाही.

नेमका त्या दिवसांत, 1939च्या आरंभी, कॅलनबॅक पुन्हा आलेला होता. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिले की आपल्याबरोबर एक ज्यू मित्र राहतो आहे, अहिंसा त्याच्या बुद्धीला पटते, पण हिटलरसाठी आपल्याच्याने प्रार्थना होणार नाही, असे तो म्हणतो, आणि त्याच्या या संतापाबद्दल आपण त्याच्याशी भांडत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या स्नेहात कॅलनबॅकने दुर्बीण टाकली होती, दूध टाकले होते, पैसा टाकला होता. हे मात्र त्याने टाकले नाही. आणि या खेपेस ते समुद्रात फेकून वाद मिटवू असे गांधीजींनीही सुचवले नाही.

त्याच मुक्कामात त्याला मलेरियाने गाठले. आश्रमात आजाऱ्याची जागा पहिली असे; गांधीजींना शुश्रूषेची हौस होतीच. बरा झाल्यावर तो दक्षिण आफ्रिकेला परत गेला. सहा महिन्यांत युद्ध पेटले, आणि वर्ध्याची वाट पुन्हा बंद झाली. 1945च्या मार्चमध्ये जोहान्सबर्गला तो वारला.

श्पीगेलबाई हिंदुस्थानातच राहिल्या. पुढे मुंबईत त्यांनी शिकवण्याचे काम केले.