६ जुलै १९२४ : मेंदूची वीज टिपली

जर्मनीतल्या येना शहरात मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी या दिवशी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद घेतली. ज्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली होती, अशा १७ वर्षांच्या मुलावर हा प्रयोग झाला. बर्गर यांना खरा ध्यास होता तो एका मनातले दुसऱ्या मनाला कसे कळते, याचा. लष्करात असताना ते घोड्यावरून पडून थोडक्यात वाचले, आणि त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला काळजी वाटून घरून खुशाली विचारणारी तार आली होती! ते कोडे सुटले नाही. हाती आली ती सेकंदाला सुमारे १० वेळा हेलकावणारी, डोळे उघडताच ओसरणारी अल्फा लहर. शोधनिबंध १९२९ मध्ये छापला, तरी अनेकांना तो पटेना. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी पडताळा घेतला. अपस्माराच्या निदानासाठी आज काढतात तो ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची हीच नोंद.