टिळकांच्या घरांतील पाणी आणि पैसा

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकास सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट व त्याच्या दक्षिणेस हर्णै, हीं दोन बंदरें किल्ल्यांसाठीं व मासळीसाठीं सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या पहिल्या मंडळीनें आपला मुक्काम याच किनाऱ्यावर केला होता, हें फार थोड्यांच्या ध्यानीं असतें. १८२९ सालीं आलेले डॉ. जॉन विल्सन मराठी शिकण्यास्तव प्रथम हर्णैसच राहिले. शाळा निघाल्या, पुस्तकें वांटलीं गेलीं. पण ठाण्याचा जीव कोंकणांत रमला नाहीं व मिशनचें लक्ष पुढें पुण्यामुंबईकडे वळलें.

हर्णै ज्या दापोली तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांतील करजगांवीं १८६१ सालीं नारायण वामन टिळक जन्मले. त्यांस ख्रिस्ताची ओळख झाली ती मात्र या किनाऱ्यावरील मिशनमुळें नव्हे. राजनांदगांवास जातांना आगगाडीच्या डब्यांत एका गोऱ्या सहप्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराचे इतिहास बहुधा या तारखेशीं येऊन थांबतात. आमची जिज्ञासा दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. सकाळीं पाणी कोणाच्या हातचें प्यावयाचें? जेवावयास कोणत्या पंक्तीस बसावयाचें? हातीं आलेला पगार कोणाचा? देवास मान देणें म्हणजे काय, याचा कस प्रार्थनामंदिरापेक्षां अशाच ठिकाणीं लागतो.

टिळकांनीं हा निर्णय पत्नीस विश्वासांत न घेतां केला. लक्ष्मीबाईंस तो झाल्यावर कळला, आणि पुढील कांहीं वर्षें लहानग्या मुलासह त्यांनीं नातलगांच्या आश्रयानें काढलीं. टिळकांची थोरवी मान्य करूनही येथें आम्हांस त्यांची बाजू सोडावी लागते. स्वतःच्या आत्म्याचा हिशेब ज्याचा त्यानें द्यावा हें खरें. पण त्या हिशेबाची किंमत दुसऱ्याच्या आयुष्यांतून वळती होणार असेल, तर त्या दुसऱ्यास एका शब्दानें तरी विचारावयास नको काय?

लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हां मात्र टिळक निराळे वागले. बाईंचें सोवळें, त्यांचें पाणी, त्यांची चूल हीं सर्व निराळीं राहिलीं, आणि टिळकांनीं त्यांस हात लावला नाहीं. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौल मूर्तीपुढें ठेवलेल्या अन्नाचा प्रश्न घेतो. खाणारा मोकळा आहे, पण ज्याच्या मनास तें टोंचतें त्यास आपल्या मोकळीकीची ठेंच लागूं देऊं नये, असा त्याचा निर्वाळा आहे. तो वाद परदेशांतील मांसाचा. नगर जिल्ह्यांत तो तांब्याभर पाण्याचा झाला इतकेंच. घरांत एकाच्या धर्मानें दुसऱ्याच्या घागरीस बाट लागूं न देणें ही साधी गोष्ट नव्हे. मिशनच्या आवारांत राहून तें करणें तर मुळींच नव्हे.

आणि मग त्या घागरीचा निर्णय घागरीच्या मालकिणीनेंच केला. जातिभेद देवानें केलेला नव्हे, माणसानें केला आहे, असें बाईंच्या मनानें घेतलें व कोणाच्याही हातचें अन्नपाणी त्यांस चालूं लागलें. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. पतीची श्रद्धा ग्रंथ वाचून आंत शिरली. पत्नीची स्वयंपाकघरांतून आली, आणि आली ती कायमची.

वेष, भाषा, भजन यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. ख्रिस्ती होणें म्हणजे साहेब होणें नव्हे, ही टिळकांची भूमिका सर्वश्रुत आहे, आणि मराठी मंडळ्या त्यांचीं पदें अद्यापि गातात.

पैशाची गोष्ट अधिक अवघड आहे. टिळकांच्या हातीं पैसा टिकत नसे. दारीं आलेल्यास देणें ही त्यांची उपासनाच होती. पण घरांत पीठ आहे कीं नाहीं याची चिंता दात्यास नसे, ती बाईंस असे. १९१७ सालीं तर त्यांनीं अमेरिकन मिशनची पगारी चाकरीच सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही तेथें यावेत, ही त्यांची इच्छा. पगार घेऊन केलेली सेवा परक्याच्या नांवानें ओळखली जाते, ही त्यांची बोंच खरी होती व हा निर्णय आम्हांस त्यांच्या सर्व निर्णयांत श्रेष्ठ वाटतो. तरी एक गोष्ट नोंदविलीच पाहिजे. ‘स्मृतिचित्रें’ हें बाईंचें आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं बाहेर आलें. तें वाचतांना वाचक टिळकांच्या औदार्यावर हंसतो, आणि थोड्या वेळानें त्याच्या ध्यानीं येतें कीं आपण ज्यावर हंसलों तो कोणाचा तरी उपवास होता. बाईंनीं तो तक्रार म्हणून सांगितला नाहीं, म्हणून तो नव्हता असें होत नाहीं.

टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले. ‘ख्रिस्तायन’ अपुरेंच राहिलें होतें. कधीं शाळेंत न गेलेल्या, टिळकांच्याच हाताखालीं अक्षरें गिरविलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें हातीं घेतलें. या वेळीं त्यांस कोणीं विचारलें नव्हतें, आणि कोणीं अडविलेंही नाहीं.